राणीच्या पिपातला फेर

१

आमच्या आईला आनंद झाला की मला धास्ती वाटते. नव्वदीची बाई, गुडघे कधीचेच गेलेले, चाकांच्या खुर्चीत बसून सगळ्या गावाला नावं ठेवते. ती अशी कुरकुरत असली की मी निर्धास्त असते. पण यंदाच्या मे महिन्यात ती गुणगुणायला लागली. का, ते सांगायचं तर आधी पिपाचं सांगायला हवं.

मी इशबेल. स्पे नदीकाठी इनव्हरद्रुम नावाचं आमचं गाव, तिथल्या व्हिस्कीच्या भट्टीचं गोदाम मी सांभाळते. माझ्याआधी माझे वडील सांभाळायचे. दगडी भिंती, मातीची जमीन, आणि थरांवर थर आडवी झोपलेली पिपं. सकाळचा चहा झाला की लाकडी मोगरी घ्यायची आणि फेरी मारायची. पिपाच्या तोंडावर ठोकायचं, कान द्यायचा. भरलेलं पीप जड, मुका आवाज देतं. जेवढी व्हिस्की उडाली तेवढं वरून पोकळ वाजतं. लाकडातून दरवर्षी थोडी उडतेच, तिला आम्ही देवदूतांचा वाटा म्हणतो. त्यावर भांडण नाही, देवदूतांशी कोण भांडणार?

कोपऱ्यात राणीचं पीप आहे. राणीला मुकुट चढला त्या दिवशी भरलेलं. यंदा तिच्या राज्याला सत्तर वर्षं झाली म्हणून ते जूनमध्ये उघडायचं ठरलं. मोजक्याच बाटल्या, मुकुटाच्या आकाराची बुचं, मखमली पेट्या. सिंगापूरपासून दुबईपर्यंतच्या शौकिनांनी केव्हाच मागणी नोंदवलेली. त्यातले निम्मे बूचसुद्धा काढणार नाहीत, काचेच्या कपाटात ठेवून बघत बसतील. असतात अशीही माणसं.

गेल्या वर्षी हे पीप पार खालपर्यंत पोकळ वाजायचं. इतक्या वर्षांत देवदूतांनी हात धुऊन घेतले होते. यंदा मेमधल्या एका सकाळी मी सवयीने ठोकलं, पुढे गेले, आणि दोन पिपं पुढे जाऊन थांबले. परत आले. पुन्हा ठोकलं. जड, मुका आवाज. वर ठोकलं, खाली ठोकलं, सगळीकडे तोच.

मोगरीत ओल शिरली असेल म्हणून मी मोगरी बदलली. आवाज बदलला नाही.

२

लॉकीला बोलावलं. लॉकी टुलॉक आमचा पिपं बांधणारा, माझ्याच वयाचा. पिपांच्या थरावरून पडून त्याचा उजवा खुबा कायमचा आखडला, पण जीभ मोकळी आहे.

"इशबेल, सकाळी चहाच प्यायलीस ना?" तो म्हणाला.

"तू ठोक आणि मग बोल."

त्याने ठोकलं. पुन्हा ठोकलं. मग आमचे व्यवस्थापक निनियनसाहेब आले. एडिनबरोचा पोरगेला माणूस, चांगली व्हिस्की हुंगली तरी डोळे भरून येतात. लॉकीने बूच काढलं. आत डोकावायचीही गरज नव्हती, व्हिस्की काठाशी हलत होती. वास मात्र जुन्या लाकडाचा नव्हता. ताज्या कापलेल्या गवताचा, संत्र्याच्या सालीचा, बुटांच्या पॉलिशचा. आणि घामाचा. स्वच्छ, तरुण माणसांचा घाम.

"म्हणजे चौपट बाटल्या," निनियनसाहेब कुजबुजले.

"साहेब, पीप आहे हे, गाय नाही," लॉकी म्हणाला. "आपोआप भरायला."

"दुसऱ्या पिपातून कुणी ओतलं असेल."

"कुणी? आणि कशाला? दारू चोरणारे बघितलेत, आणून ठेवणारा आजवर कुणी भेटला नाही."

लॉकीने बूच लावलं आणि पिपाला कान लावला. त्याचं तोंड हळूहळू फुललं, लहान मुलासारखा हसायला लागला. माझी नजर खाली गेली. त्याचा उजवा पाय, आखडलेला, जिन्याची एक पायरी चढताना शिव्या देणारा, टाच उचलून ताल धरत होता.

"ऐक तरी," तो म्हणाला.

"मला कामं आहेत," मी म्हटलं आणि बाहेर आले. गावात वाजंत्र्यांची सोहळ्याची तालीम चालू असणार, तिचाच आवाज मातीतून पिपात जात असेल, असं मी मनाशी म्हटलं. बाहेर अंगणात उभं राहून मी कान दिला. तालीम अजून सुरूच झालेली नव्हती.

आमच्याकडे एक रीत आहे. राजघराण्याच्या सोहळ्याचं पीप एकट्यादुकट्याने भरत नाहीत. चार जोड्या, आठजण मिळून भरतात. बूच ठोकलं की त्याच पिपासमोर आठांचा फेर नाचतात. सातजण भोवती फिरतात, एकजण मधे नाचतो, मग दुसऱ्याची पाळी. पुढे कधी पीप उघडलं की पहिले घोट त्या आठांचे. गेलेल्यांचा घोट मातीत ओतायचा. आणि कुणी आजारी असेल तर पोटच्या लेकराने त्याच्या वतीने प्यायचा. राणीच्या पिपाचे आठातले सहा केव्हाच गेले, माझे वडील त्यातच. सातवा रॉडी मिल्न फेब्रुवारीत गेला. उरली एकटी आमची आई.

३

संध्याकाळी घरी आले तर आई गुणगुणत होती. मी तिला अजून काहीच सांगितलेलं नव्हतं.

"आज काय स्वारी खुशीत?" मी विचारलं.

"तो निळा झगा काढ आणि इस्त्री कर. आणि माझे नाचायचे बूट शोध."

"बूट कशाला? तुला उभं राहता येत नाही."

"तुला येतं, त्याचे काय दिवे लावलेस? उभ्या जन्मात एकदा तरी नाचलीस?"

हे खरं होतं. वडील गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्यांनी मला नाच शिकवायचं कबूल केलं होतं, ते राहिलं. पुढे गावच्या प्रत्येक लग्नात मी भिंतीला पाठ लावून इतरांचे कोट सांभाळत आले.

"त्यांचा फेर अडलाय," आई म्हणाली.

"कुणाचा?"

"तुझ्या बापाचा, रॉडीचा, सगळ्यांचा. सातांचा कुठे फेर होतो? ते भोवती फिरतात आणि मधे कुणीच नाही. बरं दिसतं का ते?" बसथांब्यावर पाहुणे ताटकळलेत अशा सुरात बोलत होती. "एकदा घोट पोटात गेला की मी निघालेच."

"आणि मी?"

"तू काय? सहासष्ट वर्षांची घोडी झालीस. अंडं उकडता येतं तुला."

मी भांडी घासायला गेले, नळ मोठा सोडला आणि रडले. या बाईने मला आयुष्यभर बोल लावले, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली, मला पसंत पडलेला एकुलता एक पुरुष तिने दारातून परत पाठवला. तरी ती नसलेलं हे घर माझ्या डोळ्यांपुढे येईना. मला ती हवी होती. कुरकुरणारी, खडूस, पण इथे, या खुर्चीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी छाती तपासली, नाडी पाहिली आणि खूश झाल्या. "एफीबाई, तुम्ही तर शंभरी गाठणार." आईच्या गालांवर लाली होती. तिला अन्न गोड लागत होतं, झोप लागत होती, शेजारणीची तिने चक्क स्तुती केली. गाव म्हणालं, सोहळ्याने म्हातारीला पालवी फुटली. मी एकटीच तिच्याकडे बघून झुरत होते.

४

सोहळ्याच्या आदल्या दुपारी सगळे पताका बांधायला गेले. मी गोदामात एकटीच गेले. काय ते एकदा ऐकून टाकावं, मग डोकं ठिकाणावर येईल असं मनाशी म्हटलं.

उन्हाचा एक पट्टा दारातून राणीच्या पिपापर्यंत आला होता. त्याच्यासमोरच्या मोकळ्या जागेत मी झाडू मारला होता, त्याच सकाळी, माझ्या हातांनी. तिथे आता माती उकरलेली होती. बुटांच्या टाचांचं एक गोल कडं, एकात एक मिसळलेली पावलं. मधली जागा मात्र माझ्या झाडूच्या रेघांसकट जशीच्या तशी.

मी स्वतःला समजावलं. लॉकी आणि मंडळी पिपं हलवत असतील. पिपं गडगडत नेताना माणसं गोल फिरतात का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

मग त्या कड्यात मला एक खूण दिसली. एकाच माणसाच्या दर डाव्या पावलाशेजारी मातीत ओढलेली एक बारीक रेघ. माझ्या वडिलांचा डावा पाय लाकडाच्या वखारीत चिरडला होता. तो ते किंचित ओढत चालायचे, आणि तसाच ओढत सगळ्यांपेक्षा चांगलं नाचायचे. त्यांची चाहूल मी झोपेतही ओळखायची. ठप्प, खर्र. ठप्प, खर्र.

मी पिपाला कान लावला.

आत लांबवर व्हायोलिन वाजत होतं. पायांचा दणका होता, हसणं होतं, कुणीतरी धापा टाकत "अजून एकदा" म्हणत होतं. इतकं आनंदी काही मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी मला हसू फुटलं. ठप्प, खर्र, अगदी कानाशी. मग सूर एकदम खाली आले, पाय थांबले. मधल्या पाळीची वेळ आली होती. सगळे वाट बघत होते, आणि ते कान देऊन ऐकत आहेत असं मला वाटलं. मी ऐकत होते तसेच, लाकडाच्या पलीकडून.

मी कान काढला. गाल पिपाला चिकटून ओला झाला होता. बोटाने व्हिस्की चाखून न बघता मी तो रुमालाने पुसला.

५

सोहळ्याला पाऊस आला नाही, हीच आमच्याकडे मोठी गोष्ट. अंगणात लांबच लांब टेबलं, मटणाचे पाय, लोण्याची बिस्किटं, सायीत बुडवलेल्या स्ट्रॉबेऱ्या. पोरांच्या डोक्यांवर कागदी मुकुट. वाजंत्र्यांचा घसा कोरडा पडला म्हणून त्यांना पाजलं आणि मग ते भलतंच वाजवायला लागले, तरी लोक नाचत होते. आई निळ्या झग्यात, पायांत बूट, प्रत्येकाला हात हलवत होती. निरोप घेत होती, हे माझ्याशिवाय कुणाला कळलं नाही.

मग सगळे गोदामात शिरले. निनियनसाहेबांनी भाषण केलं, दोनदा डोळे पुसले. लॉकीने बूच काढलं. तांब्याच्या नळीने त्याने एकेक घोट काढला आणि एकेक नाव घेत मातीत ओतला. सातवं नाव रॉडीचं. माती नुसती ओलीही झाली नाही. पडला घोट की गेला, चटकन. मागे उभे असलेले गप्पा मारत होते, त्यांच्या लक्षात आलं नाही. लॉकीच्या आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आठवा पेला भरला.

"एफीबाई," तो म्हणाला, "तुमचा."

आईने दोन्ही हात पुढे केले. तिचे पाय खुर्चीच्या खालच्या फळीवर ताल धरत होते. कित्येक वर्षांत न हललेले पाय. लोकांनी ते पाहिलं आणि टाळ्या सुरू झाल्या. आईचं तोंड असं उजळलं होतं की मला बघवेना. एवढा आनंद तिला माझ्यामुळे कधी झाला नव्हता. मला हेवा वाटला, भीती वाटली, राग आला, सगळं एकदमच.

मी मधे पडले आणि पेला लॉकीच्या हातातून घेतला.

"आईला बरं नाही," मी मोठ्याने म्हटलं. "रीतीप्रमाणे तिच्या वतीने मी."

"नको, इशबेल," आई म्हणाली. हळू, प्रेमाने. त्या आवाजात ती माझ्याशी कधी बोलत नाही. मी डोळे मिटले आणि पेला रिकामा केला.

घशाला चटका बसला नाही. गार वाटलं, आणि मग छातीत काहीतरी सुटलं, वर्षानुवर्षं घट्ट बसलेलं. डोळे उघडले तर सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला टाळ्या ऐकू येत नव्हत्या. पिपाच्या पलीकडे, जिथे ऊन पोचत नाही तिथे, काही पाठी दिसल्या. एक पांढरा सदरा, एक वेणी. कडं उघडलं. बाहीतून बाहेर आलेला एक हात माझ्याकडे वळला, तळवा वर करून. करंगळीचं टोक नव्हतं. वखारीत गेलेलं. त्या हाताने मला पोहायला शिकवलं होतं.

मग कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली आणि तिथे नुसती भिंत होती.

आईचे पाय थांबले होते. गालांची लाली गेली होती. नेहमीची पिवळट, रागीट म्हातारी माझ्याकडे बघत होती, आणि माझा जीव भांड्यात पडला. लॉकीने मोगरी उचलून पिपावर ठोकलं. वरपासून पार खालपर्यंत पोकळ.

"दहा-बारा बाटल्या निघतील, कशाबशा," तो म्हणाला.

निनियनसाहेब मटकन बसले. मग रुमाल काढून म्हणाले, "म्हणजे तर फारच दुर्मिळ."

६

आई माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. मी पेज द्यायची, ती खायची, वाडगा सरकवायची. मग एका सकाळी काठीने जमीन ठोकली.

"उठ. मधे ये."

"कशाला?"

"माझी जागा घेतलीस ना? मग निदान पावलं तरी शीक. आता तुझंच नाव त्यांच्याकडे लागलं. वीस-पंचवीस वर्षांनी जाशील आणि तिथे ठेचकाळून माझं नाक कापशील. डावा पाय पुढे. डावा म्हटलं मी. देवाने तुला दोनच पाय दिलेत, त्यातला कुठला डावा हे अजून कळत नाही?"

तेव्हापासून रोज दुपारी शिकवणी. ती काठीने ताल धरते, मी टेबल सरकवून मधे उभी राहते. शिव्या अखंड. तिची कुरकुर परत आली, भूक टिकून राहिली, शेजारणीला नावं ठेवणं सुरू झालं. मला आणखी काय हवं होतं? आणि खरं सांगते, इतक्या सुखात मी कधीच नव्हते. दिवसभर माझ्या कानात व्हायोलिन असतं. गोदामात मोगरी ठोकताना मी गिरकी घेते. पोस्टमन म्हणाला, "इशबेल, कुणी भेटला की काय?" मी लाजले, या वयात.

पण पावलं मी मुद्दाम चुकवायची. आई ओरडायची, मी "नाही जमत" म्हणायची. तिला वाटतं वीस-पंचवीस वर्षं आहेत. मला तसं वाटत नाही. ते आता लाकडापलीकडे नाहीत. दुपारी स्वयंपाकघरात, माझ्या अगदी मागे, ठप्प, खर्र ऐकू येतं. फार समजूतदार आहेत, घाई करत नाहीत, मला जमेपर्यंत थांबलेत. आणि मी गेले तर हिला खुर्चीतून उचलणार कोण, पेज देणार कोण, हिच्या शिव्या खाणार कोण?

काल दुपारी आईने ताल धरला आणि मी नेहमीच्या जागी चुकायला गेले. पाय चुकला नाही. पुढचं पाऊल बरोबर पडलं, त्याच्या पुढचंही. हात आपोआप वर गेले, मी टाचेवर वळले, कधी न नाचलेली बाई, पिसासारखी हलकी. मोठमोठ्याने हसत होते मी. केव्हातरी लक्षात आलं की काठी थांबली आहे, आणि ताल चालूच आहे.

"हे कुणी शिकवलं तुला?" आईने विचारलं.

"कुणी म्हणजे? तूच."

"मी तुला भोवतीचीच पावलं शिकवली," आई म्हणाली. "मधली पाळी मी अजून शिकवलेली नाही."

ती एवढंच म्हणाली. मग पुढे वाकली, तिला जमत नाही तरी वाकली, आणि माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं. मी म्हटलं, सोड, चहा टाकते. ती म्हणाली, मला चहा नको. रात्रीही सोडलं नाही, मी तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच आडवी झाले. आता सकाळ झाली आहे, पेज करायला हवी, आणि ती काही केल्या हात सोडत नाही.